कायद्यातील ‘शॅल’ आणि सीमाभागातील मराठी

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



वाचनालयाच्या शतकमहोत्सवात एखाद्या कवीवर किंवा कादंबरीवर व्याख्यान व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. त्याऐवजी इंग्रजी कायद्यातील एका सहायक क्रियापदाचा विषय निवडला गेला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाच्या जीवनावर या एका क्रियापदाने जेवढा दूरगामी परिणाम केला, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने केला असेल. ते क्रियापद म्हणजे ‘शॅल’.

१९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याचे सातवे कलम उघडून पाहावे. नेमलेल्या दिवसापासून म्हैसूर नावाचे नवे राज्य बनवले जाईल, त्यात मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड व कानडा हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा समाविष्ट असेल, आणि त्यानंतर हे प्रदेश मुंबई राज्याचे भाग राहणार नाहीत, असा त्या कलमाचा आशय आहे. बनणे आणि न राहणे या दोन्ही क्रियांना ‘शॅल’ लावलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ ची पहाट झाली आणि या क्रियापदाने सांगितलेली गोष्ट घडून गेली. चंदगड एका राज्यात राहिला, बेळगाव दुसऱ्या राज्यात गेले. घर, शेत, बाजार जिथल्या तिथे होते. बदल झाला होता तो एका वाक्यात.

भाषांतराचा विचार करताना आपल्याकडे नेहमी नामांचाच विचार होतो. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहाराचे आणि न्यायव्यवहाराचे कोश तयार केले. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि कोशात मुख्यत्वे नामे भेटतात. ‘ज्युरिस्डिक्शन’ला ‘अधिकारिता’ म्हणावे हे कोश सांगतो. कोणावर काय बंधन आहे आणि कोणाला काय मोकळीक आहे, हे मात्र वाक्याच्या शेवटी बसलेले क्रियापद सांगते. इंग्रजी कायद्यात हे काम प्रामुख्याने दोन लहान शब्द करतात. ‘शॅल’ बंधन घालतो आणि ‘मे’ मोकळीक देतो.

या दोन शब्दांची कुळे पाहिली म्हणजे त्यांचा स्वभाव कळतो. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’च्या पूर्वरूपाचा अर्थ ‘देणे लागतो’ असा होता. ऋण आणि अपराध या दोन्ही अर्थांनी जर्मन भाषेत वापरला जाणारा ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला आहे. ‘मे’चे मूळ शक्तिवाचक आहे. सामर्थ्य असणे, करू शकणे हा त्याचा आद्य अर्थ. म्हणजे ज्याच्या नावापुढे ‘शॅल’ येते तो कोणाचे तरी देणे लागतो, आणि ज्याच्या नावापुढे ‘मे’ येते त्याच्या हाती सत्ता असते. कायद्याचे कोणतेही कलम वाचताना ऋणको कोण आणि सत्ताधारी कोण हे शोधले, तर निम्मे कलम उलगडते.

मराठी वाचकाची अडचण शाळेतच सुरू होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला किंवा रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण ज्यांनी गिरवले, त्या पिढीने ‘आय शॅल, यू विल, ही विल’ असा भविष्यकाळ पाठ केला. त्यामुळे ‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळ ही गाठ मनात पक्की बसली. परंतु त्याच जुन्या नियमाची दुसरी बाजू अशी आहे की द्वितीय व तृतीय पुरुषी ‘शॅल’ आले, की ते भविष्य राहत नाही. ती आज्ञा, वचन किंवा ताकीद होते. कायदा जवळजवळ संपूर्णपणे तृतीय पुरुषी लिहिलेला असतो. राज्य, अधिकारी, भाडेकरू, विश्वस्त हे सारे त्यातले ‘तो’ आणि ‘ते’ असतात. म्हणून कायद्यातले ‘शॅल’ उद्या काय होईल ते सांगत नसते. काय झाले पाहिजे ते सांगत असते.

आता हे मराठीत आणताना काय होते ते पाहण्यासारखे आहे. संविधानाच्या मराठी अनुवादात ‘शॅल’साठी बहुतेक ठिकाणी साधा भविष्यकाळ योजलेला आहे. राज्य अमुक करील, अमुक असा अधिकार असेल, अशी ही रचना आहे. कायद्याच्या मराठीची ही आता रूढ झालेली शैली आहे आणि तिच्या मागे सुसंगतीचा विचार आहे. पण बोलीतल्या मराठीला ‘असेल’ हे रूप दुसऱ्याच कामासाठी लागते. “तो घरी असेल” असे म्हणणारा माणूस खात्री देत नाही, अंदाज करतो. “पत्र आले असेल” या वाक्यात तर भविष्यकाळाचा मागमूसही नाही. “नागरिकांना अमुक हक्क असेल” हे वाक्य ज्याने कायदा कधी वाचलेला नाही अशा गृहस्थाने वाचले, तर हक्क आहे की असावा असा तर्क आहे, असा प्रश्न त्याला पडू शकतो. मूळ इंग्रजीत त्या जागी संशयाला वाव नाही.

मग विध्यर्थ का वापरू नये, असे कोणी विचारील. वाचनालयाच्या नियमावलीत तो सर्रास असतो. सभासदाने पुस्तक मुदतीत परत करावे, पानांवर खुणा करू नयेत, मोठ्याने बोलू नये. परंतु ‘करावे’ हे रूप फार उदार आहे. आज्ञा, उपदेश, इच्छा, योग्यता, शक्यता हे सगळे अर्थ त्याच्या पोटात मावतात. “देवाने त्याचे भले करावे” यात प्रार्थना आहे, “मोठ्यांचा मान राखावा” यात शिकवण आहे. भाडेकरूने दरमहा भाडे ‘द्यावे’ असा करार लिहिला आणि भाडे थकले, तर ते वाक्य बंधनाचे होते की सदिच्छेचे होते, असा वाद घालण्यास वकिलाला जागा मिळते. म्हणूनच जाणता दस्तलेखक ‘द्यावे लागेल’ किंवा ‘देणे बंधनकारक राहील’ असे लिहितो.

मराठी राज्यकारभाराला हा पेच ठाऊक नव्हता असे नाही. मोडीतील जुन्या आज्ञापत्रांत ‘-णे’ हे रूप आज्ञेसाठी येते. रवाना करणे, पावते करणे, चालवणे, अशा रूपांनी हुकूम सुटत असत. त्या ‘करणे’मध्ये ना भविष्यकाळाचा अंदाज, ना विध्यर्थाची मऊ छटा. ते रूप पुढे कार्यालयीन मराठीतून मागे पडले आणि त्याची जागा घेणारे एकच एक खणखणीत रूप मराठीला सापडले नाही.

शेजारच्या कानडीने मात्र ही सोय करून ठेवलेली आहे, आणि सीमाभागातील वाचकाला ती पडताळून पाहणे अवघड नाही. कन्नड कायद्यात ‘शॅल’साठी ‘माडतक्कद्दु’ आणि ‘मे’साठी ‘माडबहुदु’ अशी रूपे वापरली जातात. ‘तक्क’ म्हणजे योग्य, उचित. जे करणे उचित ते करणे बांधलेले, असा त्या रूपाचा भाव. ज्यांच्या कानावर दोन्ही भाषा रोज पडतात, त्यांना हा फरक कळणे हे सीमेवर राहण्याचे एक धनच म्हटले पाहिजे.

इतके झाल्यावरही प्रश्न उरतोच. ‘शॅल’ प्रत्येक वेळी बांधतेच काय? न्यायालयांचे उत्तर असे आहे की शब्दाला अर्थ असतो, पण तो संपूर्ण कलमाच्या हेतूतून पाहावा लागतो. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या १९५७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे संविधानाचा तीनशे विसावा अनुच्छेद होता. शासकीय सेवकावरील शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे तेथे ‘शॅल’ लावून म्हटले आहे. तरीही तो सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. ‘शॅल’ येथे आज्ञापक नसून निदेशात्मक ठरले. उलट बाजूने, ‘मे’च्या कुळातल्या शब्दांतूनही कर्तव्य निघू शकते. १८८० मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या प्रकरणात बिशपांचा स्वेच्छाधिकार मान्य केला. मात्र एखादा अधिकार ज्यांच्या हितासाठी दिलेला असतो, त्यांच्यासाठी तो वापरणे हे कधी कधी कर्तव्यही होऊ शकते, हे तत्त्वही त्या निर्णयात नोंदले गेले. भारतीय न्यायालयांनी या तत्त्वाचा पुढे वारंवार आधार घेतला.

या संदिग्धतेला कंटाळून काही देशांनी ‘शॅल’ला निरोपच दिला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात बंधनासाठी ‘मस्ट’ वापरले गेले. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची २००७ मध्ये भाषाशुद्धी झाली, तेव्हा ‘शॅल’ काढून टाकण्यात आले. भारतात मात्र ते टिकून आहे. अनुच्छेद ३४८ नुसार, संसद अन्यथा तरतूद करीपर्यंत सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज आणि कायद्यांचे अधिकृत पाठ इंग्रजीत राहतात. विधानमंडळाने राज्याच्या भाषेत केलेल्या कायद्याचाही राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवादच अधिकृत पाठ मानला जातो. तेव्हा कन्नडमधील कायदा असो की मराठीतील, वादाच्या अखेरीस वकिलाचे बोट इंग्रजी क्रियापदावरच टेकते. या बाबतीत सीमेच्या अलीकडचे व पलीकडचे लोक एकाच नावेत आहेत.

आता भाषिक अल्पसंख्याकांच्या तरतुदी या नजरेने वाचाव्यात.

अनुच्छेद ३४५ नुसार राज्याचे विधानमंडळ राज्यात वापरात असलेली एक किंवा अधिक भाषा राजभाषा म्हणून स्वीकारू शकते. क्रियापद ‘मे’. अनुच्छेद ३४७ नुसार, राज्यातील लोकसंख्येच्या पुरेशा मोठ्या भागाची तशी इच्छा असल्याची खात्री झाल्यास, त्यांच्या भाषेलाही त्या राज्यात मान्यता द्यावी असा निदेश राष्ट्रपती देऊ शकतात. येथे दार उघडणारे क्रियापद पुन्हा ‘मे’च. अनुच्छेद ३५० ची जात मात्र वेगळी आहे. कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे, आणि तो ‘शॅल’ने दिलेला आहे. निपाणीच्या शेतकऱ्याने मराठीत अर्ज दिला, तर तो मराठीत आहे एवढ्यासाठी नाकारता येत नाही. परंतु त्या अर्जाचे उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याबद्दल हा अनुच्छेद मौन पाळतो. अर्ज करणाऱ्याला क्रियापद मिळाले, उत्तर देणाऱ्याला मिळाले नाही. सीमाभागातील कागदपत्रांच्या भाषेविषयीची कितीतरी गाऱ्हाणी या एका मौनाच्या जागी येऊन थांबतात.

१९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख घातले गेले. प्राथमिक स्तरावर अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्य व स्थानिक प्राधिकरण करील, असे पहिला सांगतो. येथे ‘शॅल’ आहे, पण ते ‘प्रयत्न’ या नामावर टेकलेले आहे. राज्य सोयींचे ऋणी आहे असे न म्हणता राज्य प्रयत्नांचे ऋणी आहे असे म्हटले गेले. दुसऱ्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवण्याची तरतूद ‘शॅल’ने केली, आणि १९५७ मध्ये ते कार्यालय सुरूही झाले. मात्र त्या अहवालांतील शिफारशी राज्यांनी पाळाव्यात असे क्रियापद कोठेही नाही. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी असल्यास त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेपासून चालत आलेले सूत्र कायद्याचे कलम नव्हे. तो सरकारांचा आपसातील संकेत आहे. संकेताला मान असतो, परंतु न्यायालयात त्याच्या नावाने दाद मागताना पायाखाली पुरेशी जमीन नसते.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातील शाळांच्या माध्यमासंबंधी जो निकाल दिला, त्याने ३५०-क चा अर्थ आणखी स्पष्ट केला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, आणि या अनुच्छेदाचा आधार घेऊन राज्याला मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्या ‘शॅल’चा रोख राज्याकडे आहे, पालकाकडे नाही. याचा अर्थ सीमाभागातील मराठी शाळांच्या दृष्टीने गंभीर आहे. कन्नड माध्यमाची सक्ती होणार नाही, ही त्यातली निश्चिंतता. मराठी शाळेत मूल घालण्याची सक्तीही कोणी करणार नाही, ही त्यातली जबाबदारी. सोय मागायला मुले लागतात, आणि मुले पाठवणे हे पालकांच्या ‘मे’वर अवलंबून आहे.

सीमावादाकडेही असेच पाहता येते. ज्या १९५६ च्या कायद्याने प्रदेशांची वाटणी ‘शॅल’ने केली, त्याच कायद्याने क्षेत्रीय परिषदा स्थापन केल्या आणि सीमावाद व भाषिक अल्पसंख्याक हे विषय त्यांच्याकडे दिले. परंतु त्या परिषदा सल्लागार ठरवल्या गेल्या, आणि या विषयांवर त्या चर्चा करू शकतात, शिफारस करू शकतात, एवढेच म्हटले गेले. एकाच कायद्यात वाटणीला ‘शॅल’ आणि वाटणीच्या वादाला ‘मे’, हे चित्र पुष्कळ काही सांगून जाते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, हे त्यातील सर्वाधिक गाजलेले मुद्दे. पण आयोगाचे क्रियापद शिफारशीचे होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि त्याला ‘शॅल’ची शक्ती देणारा कायदा संसदेने केला नाही.

२००४ मध्ये महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. राज्याराज्यांतील कायदेशीर हक्कांचे तंटे ऐकण्याची अधिकारिता त्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाला ‘शॅल’ने, आणि इतर सर्व न्यायालयांना वगळून, दिलेली आहे. तर राज्यांच्या सीमा बदलण्याची सत्ता अनुच्छेद ३ ने संसदेला ‘मे’ने दिलेली आहे. राज्याच्या विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेला बंधनकारक नसते, हे बाबुलाल पराते खटल्यात १९५९ मध्येच स्पष्ट झाले होते. एका अनुच्छेदातील न्यायालयाचे ‘शॅल’ आणि दुसऱ्यातील संसदेचे ‘मे’ यांचा परस्परसंबंध काय, हा या दाव्यातील मर्माचा प्रश्न होय. २०२४ साली दाव्याला वीस वर्षे झाली, तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. एवढ्या काळात एक पिढी शाळेतून बाहेर पडून संसाराला लागली.

एका कमी परिचित ‘शॅल’चा उल्लेख येथे केलाच पाहिजे. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने असे म्हटले की, सीमा बदलल्या म्हणून त्या वेळी अंमलात असलेल्या कायद्यांचे क्षेत्र बदलले असे मानले जाणार नाही. त्यामुळे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० यासारखे मुंबई राज्याचे कायदे बेळगाव भागात १९५६ नंतरही चालू राहिले. नकाशा एका रात्रीत बदलला, पण विश्वस्त संस्थांचे दप्तर त्याच कायद्याखाली पुढे लिहिले गेले.

हे सारे वाचनालयात सांगण्याचे प्रयोजन आहे. आपली स्वतंत्र भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिक-समूहाला ती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. त्या हक्कामागे ‘शॅल’ आहे, आणि त्या ‘शॅल’ला ‘प्रयत्न’, ‘शिफारस’ किंवा ‘चर्चा’ यांपैकी कोणतेही पाठीराखे नाम जोडलेले नाही. ३० व्या अनुच्छेदाने शिक्षणसंस्था स्थापण्याचा हक्कही असाच निःसंदिग्ध दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या सगळ्या तरतुदींत सर्वांत बळकट क्रियापदे या दोन ठिकाणी आहेत, आणि ही दोन्ही ठिकाणे लोकांनी स्वतः करावयाच्या कामाची आहेत. वर्गणी गोळा करून, पुस्तके जमवून, दिवे लावून शंभर वर्षे चालवलेले मराठी वाचनालय हे जतन याच शब्दाचे रूप आहे. संविधान येण्याच्या आधीपासून सुरू असलेल्या कामाला संविधानाने नंतर नाव दिले.

म्हणून शतकानंतरच्या वाटचालीसाठी एक सूचना करण्यासारखी आहे. वाचनालयाच्या एका कपाटात संविधानाची मराठी, कन्नड आणि इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेवावी. राज्यपुनर्रचना कायदा, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे उपलब्ध अहवाल आणि महत्त्वाचे न्यायनिर्णय त्यांच्यासोबत असावेत. महिन्यातून एक दिवस एखादे कलम तिन्ही भाषांत वाचून, त्यात बांधला कोण गेला आणि मोकळा कोण राहिला, हे तरुण सभासदांना दाखवावे. एखाद्या सभासदाला कार्यालयात मराठी अर्ज द्यायचा असेल, तर त्यात अनुच्छेद ३५० चा उल्लेख कसा करावा हे सांगणारा कोणीतरी संध्याकाळी वाचनालयात उपस्थित असावा. या कामाला फार पैसा लागत नाही. नीट वाचण्याची सवय लागते, आणि ती सवय लावणे हेच वाचनालयाचे आद्य कार्य आहे.

सीमाभागातील मराठी माणसाने अनेक दशके घोषणा दिल्या, मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या. त्या प्रयत्नांचे मोल इतिहास ठरवील. कायद्याची कलमे मात्र घोषणेतील नामांनी हलत नाहीत. मागणी करताना कोणते क्रियापद मागायचे हे ज्याला ठाऊक असते, त्याला ‘प्रयत्न केला जाईल’ या आश्वासनावर परत पाठवणे कठीण जाते. ‘शॅल’ या शब्दाच्या मुळाशी ऋण आहे. ते ऋण कोणाकडे आहे आणि किती आहे, हे वाचून सांगता येईल अशी माणसे या वाचनालयातून निघत राहोत, ही शतकपूर्तीच्या प्रसंगी सर्वांची सदिच्छा असावी.